वसईच्या विहिरी आणि 'सुवार्ता'

वसईचा ख्रिस्ती समाज म्हटले की पोर्तुगीज काळातले धर्मांतर आठवते; पाणी क्वचितच आठवते. वस्तुतः सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्यांची केळीची, पानवेलीची बागायत विहिरींवरच उभी होती. वस्ती वाढली तशी टँकरवाल्यांची नजर या विहिरींकडे वळली. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा बेसुमार उपसा झाला, की भूगर्भात समुद्राचे खारे पाणी शिरते आणि वाडी उभ्या जागी करपते. त्यातच १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरितपट्टा बांधकामांना खुला होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे अग्रणी धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चमधला श्रोता बहुधा मासिकाचा वाचकही असे, हे चळवळीचे खरे बळ होते, असे आम्हांस वाटते. तरीही तिला निव्वळ 'ख्रिस्ती चळवळ' म्हणणे आम्हांस रुचत नाही. विहिरी हिंदू शेतकऱ्यांच्याही आटत होत्या, आणि तेही लढ्यात होते. बांधकामे थांबली नाहीत, हे नालासोपारा-विरारकडे पाहताच कळते. दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाद रंगला तो त्यांच्या झग्यावरून. विहिरींविषयी फारसे कुणी विचारले नाही.