शेवयांचा गहूं

सातपुड्याच्या पायथ्याच्या हिवरखेडसारख्या गांवीं रात्रीं अवचित पाहुणा आला, तर गृहिणी उकळत्या पाण्यांत शेवया सोडी, त्या निथळून घेई आणि वर साईचें दूध व साखर घालून घटकाभरांत ताट वाढी. इटलीकडे पास्त्यावर साय घालतात, त्याचाच हा गोड मासला. हें नातें केवळ आकाराचें नव्हे, धान्याचेंहि आहे. पास्ता ज्या कठीण दाण्याच्या गव्हाचा होतो, त्याच कुळींतला वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतला बन्सी गहूं; त्याचे तंतु ओढतांना तुटत नाहींत, शिजतांना लगदा होत नाहींत. घटकाभराच्या त्या जेवणामागें मात्र उन्हाळ्यांतले दिवसचे दिवस असत: रवा भिजविणें, कणीक तिंबणें, पाटावर वळणें, बाजेवर वाळविणें. हे सारे श्रम बायकांचे. बखरकारांनीं त्यांची दखल घेतली नाहीं.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें कापसाचा भाव चढला आणि वऱ्हाडची बरीच जमीन कपाशीखालीं गेली. १९६६ सालीं मेक्सिकोहून पोळीच्या बुटक्या गव्हाचें १८,००० टन बियाणें भारतांत आलें. ओलितावर भरघोस येणाऱ्या त्या पिकापुढें जमिनींतल्या ओलीवर वाढणारा बन्सी मागें पडला, आणि शेवयांच्या रव्यासाठीं तो मुद्दाम शोधून आणण्याची वेळ आली.