‘शीळ’: आधी श्रोते, मग वाचक
परवा खलिफा सिटीत एका घरगुती मैफलीत कुणी ‘शीळ’ गायला लागलं आणि निम्म्या खोलीनं सूर धरला. हे गाणं कुणाचं, हे मात्र दोघातिघांनाच ठाऊक होतं.

ना. घ. देशपांडे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. त्यांची ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हिज मास्टर्स व्हॉइसनं तिची ध्वनिमुद्रिका काढली. कवी आणि गायक, दोघेही तेव्हा विशीतले. त्या काळी मराठी तबकडी म्हणजे मुख्यतः नाट्यपदं. इथे मागे नाटक नव्हतं, तानांची आतषबाजी नव्हती. होती ती रानातल्या शिळेनं लागलेली हुरहुर, तीन-साडेतीन मिनिटांत. श्रोत्यांनी ती उचलून धरली आणि भावगीताची वाट मोकळी झाली. १९३८ साली जोशी त्याच कंपनीत रुजू झाले. ‘शीळ’ हा कवितासंग्रह मात्र थेट १९५४ साली आला.

म्हणजे या कवितेला श्रोते आधी मिळाले, वाचक वीसेक वर्षांनी. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही मराठी कविता बहुधा कानांवाटेच भेटणार. त्यात कमीपणा नाही. फक्त गाणं संपल्यावर कवीचं नाव सांगायला विसरू नये.