सात जण आणि बर्फाची एक कसोटी: एव्हरेस्ट, जून १९२२

आजच्या भागात एकाच दिवसाची गोष्ट सांगणार आहे. ७ जून १९२२. जागा: एव्हरेस्टची तिबेटकडची बाजू. प्रश्न साधाच आहे. नवा बर्फ पडलाय, वर जायचंय, तर उतार सुरक्षित आहे हे ठरवायचं कसं?

एव्हरेस्टवर चढण्याचा खरा पहिला प्रयत्न १९२२चा. त्याच्या आदल्या वर्षीची मोहीम मुख्यतः वाट शोधायला गेली होती. तिने शोधलेली वाट अशी: पूर्व रोंगबुक हिमनदीवरून वर यायचं, समोरची बर्फाची भिंत चढून नॉर्थ कोल नावाच्या खिंडीत पोचायचं, आणि तिथून उत्तरेची धार पकडून वर जायचं. खिंड साधारण ७,००० मीटरवर आहे. म्हणजे धार गाठायची तर आधी तो बर्फाचा उतार पार करायलाच हवा. दुसरा दरवाजा तेव्हा कुणाला माहीत नव्हता.

मे महिन्यात दोन प्रयत्न झाले. २१ मेला जॉर्ज मॅलरी, सोमरवेल आणि नॉर्टन ८,२२५ मीटरपर्यंत पोचले, तेही ऑक्सिजनशिवाय. मग २७ मेला जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन घेऊन त्याहून वर, ८,३२० मीटरच्या आसपास गेले. तोवर एवढ्या उंचीवर कुणी चढलं नव्हतं. पण शिखर राहिलंच. माणसं थकली होती, काहींना हिमदंश झाला होता, आणि पावसाळा दारात उभा होता.

पावसाळ्याआधी हिमालयात चढाईसाठी मिळणारा काळ फार छोटा असतो. हिवाळ्याचे वारे ओसरल्यापासून मान्सून येईपर्यंतचे काही आठवडे, बस. तरी जूनच्या सुरुवातीला तिसरी तुकडी निघाली. लगेच जोरदार बर्फ पडला. मान्सूनची पहिली खेप! दोन रात्री खालच्या कॅम्पमध्येच काढाव्या लागल्या. ५ जूनला आकाश उघडलं, तुकडी खिंडीखालच्या कॅम्पवर पोचली. ६ तारखेला छान ऊन. ७ तारखेला सकाळी आठच्या सुमारास १७ जण चढायला लागले: मॅलरी, सोमरवेल, क्रॉफर्ड आणि १४ शेर्पा व इतर हमाल. चार दोर. बर्फ इतका खोल की प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागत होतं.

आता नीट ऐका, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे. मॅलरी बेफिकीर नव्हता. आल्प्समध्ये तयार झालेला, अनुभवी गिर्यारोहक होता. बर्फ घसरू शकतो हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने कसोटी घेतली. वाटेतला सर्वांत तीव्र उतार, जिथे आधीच्या खेपेला उघडा कडक बर्फ लागला होता, तिथे त्यांनी नव्या बर्फात चर खणून पाहिला. घसरायचा असेल तर इथेच घसरेल, हा हिशोब. नाही घसरला. मग त्यांनी तर्क केला: इतक्या तीव्र उतारावर टिकला, तर वरच्या सौम्य उतारावर काय होणार?

ऐकायला अगदी बिनतोड वाटतं ना?

दुपारी दीडच्या सुमारास, खिंड सुमारे १८० मीटर वर असताना, स्फोटासारखा एक दबका आवाज आला आणि उतार हलला. पहिला दोर घसरला, पण बर्फातून बाहेर आला. त्याच्या मागचा दोरही थोडं खाली जाऊन थांबला. शेवटच्या दोन दोरांवरचे नऊ जण बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आलं. सात जण गेले. सगळे स्थानिक हमाल. सोबत्यांच्या इच्छेनुसार त्यांना तिथेच राहू दिलं आणि खालच्या कॅम्पवर दगडांचं स्मारक रचलं.

तर कसोटी फसली कशी?

पहिलं कारण उताराचं. फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार मात्र बर्फ धरून ठेवतो, आणि एक दिवस सगळा एकदम सोडतो. म्हणजे 'कमी तीव्र' याचा अर्थ 'जास्त सुरक्षित' असा होत नाही.

दुसरं वाऱ्याचं. एव्हरेस्टवर वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. खिंडीचा हा उतार पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. पलीकडून उडालेला बर्फ इथे येऊन फरशीसारखा घट्ट बसतो. खाली एखादा कच्चा थर असला की सगळी फरशी एकदम सुटते. तो दबका आवाज आजचा गिर्यारोहक लगेच ओळखेल: आतला थर बसल्याचा.

तिसरं हवामानाचं. आल्प्समध्ये नवा बर्फ एक-दोन दिवसांच्या उन्हात बसतो, हा तिथला अनुभव. पण थंडी जितकी जास्त, तितका बर्फ सावकाश जुळतो. आल्प्सचं कॅलेंडर ७,००० मीटरवर चालत नाही.

मला वाटतं, या गोष्टीतलं सर्वांत अवघड सत्य वेगळंच आहे. अंदाज तीन ब्रिटिशांनी बांधला आणि किंमत सात हमालांनी मोजली. मॅलरी आणि सोमरवेल दोघांनीही हे ओझं पुढे लिहून ठेवलं. मॅलरी पत्रांतून स्वतःला दोष देत राहिला. दोन वर्षांनी तो त्याच डोंगरावर गेला आणि परतला नाही.

बर्फाच्या थरांचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुढे वाढला. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ वाइसफ्लुयोखला संशोधन सुरू झालं. आज खड्डा खणून थर बघतात, खोऱ्याने ठोकून कच्चा थर शोधतात. तरीही धोका संपलेला नाही. त्या घटनेनंतर सुमारे १०० वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२२ला, उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात प्रशिक्षणार्थींसह दोन डझनांहून जास्त माणसं गेली.

आपल्याकडची कितीतरी मुलं सह्याद्रीतून थेट हिमालयात जातात. तुम्ही जाणार असाल तर गाइडला चार प्रश्न नक्की विचारा. गेल्या दोन-तीन दिवसांत किती बर्फ पडला? वारा कुठून होता? शेजारच्या तशाच उतारावर काही सुटलंय का? आणि पायाखालून दबका आवाज किंवा पृष्ठभागावर लांब चीर दिसली, तर आपण मागे फिरणार ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निघण्याआधीच ठरवून घ्या. वर गेल्यावर शिखर दिसत असतं, सुट्टी संपत असते, पैसे भरलेले असतात. १९२२लाही हेच होतं, फक्त सुट्टीच्या जागी मान्सून होता.

आणि दोराच्या शेवटी कोण चालतंय, त्यालाही विचारा. भेटू पुढच्या भागात!