आवाजाच्या मागोमाग



परभाषा शिकणाऱ्या तरुणांच्या तोंडीं हल्लीं ‘शॅडोइंग’ हा इंग्रजी शब्द वारंवार येतो. शॅडो म्हणजे सावली. माणूस चालूं लागला कीं त्याची सावली पावलागणिक त्याच्यासंगें चालते. त्याप्रमाणें ज्याची ती मातृभाषा आहे त्याचें बोलणें कानांनीं ऐकत असतांनाच, अर्ध्या पावलाच्या अंतरानें, तेंच आपल्या तोंडानें म्हणत जावयाचें, अशी ही अभ्यासाची रीत आहे. आपल्या वेदपाठशाळेंतील संथा ही हिची जवळची नातलग म्हणतां येईल. भेद एवढाच कीं, संथेंत गुरुजींचा चरण पुरा झाल्यावर शिष्यानें तो दोनदां म्हणावयाचा असतो. येथें गुरु थांबतच नाहीं. तो पुढें बोलत असतो आणि शिष्याचे कान व जीभ हीं दोन्ही एकाच वेळीं कामाला जुंपलेलीं असतात.

जपानी भाषा शिकणाऱ्यांमध्यें ही रीत विशेष रूढ आहे. पण ज्याच्या मागोमाग बोलावें असा आवाज आणावा कोठून, हा त्यांचा नेहमींचा प्रश्न. प्रश्न अगदीं आजचा वाटतो. वस्तुतः तो पावणेपांचशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या शेजारीं गोव्यांत झालेला आहे.

१५४७ सालच्या अखेरीस मलाक्का येथें फ्रान्सिस झेवियर या जेझुइट धर्मोपदेशकास आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ भेटला. मायदेशीं हातून मनुष्यवध झाल्यामुळें तो परागंदा झालेला होता. पुढल्या वर्षीं तो गोव्यास आला, सेंट पॉलच्या विद्यालयांत राहून पोर्तुगीज शिकला व ख्रिस्ती झाला. झेवियरला जपानी भाषेचें ज्ञान होण्यास हाच एक सजीव आवाज मुख्यतः उपलब्ध होता. १५४९ च्या एप्रिलांत दोघे गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजीं कागोशिमा बंदरास लागले. आंजिरोच्या साह्यानें झेवियरनें आपल्या धर्माचा सारांश जपानींत तयार केला. त्यांत परमेश्वराला शब्द योजिला होता ‘दाइनिची’. लोक मोठ्या आदरानें ऐकत. कारण दाइनिची म्हणजे बौद्धांचा महावैरोचन! हिंदुस्थानांतून आलेला हा कोणी बौद्ध पंथाचाच आचार्य असावा, असा त्यांचा समज झाला. १५५१ सालीं यामागुचीस असतांना झेवियरच्या ध्यानांत ही चूक आली. त्यानें तो शब्द टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्दच वापरण्यास आरंभ केला. यांत आंजिरोचा दोष काय? तो विद्वान् नव्हता. जे शब्द त्यानें ऐकले होते तेच त्यानें दिले. परंतु एकाच तोंडून जो भाषा शिकतो, तो त्या तोंडाच्या मर्यादाही शिकतो. ही गोष्ट आपण मनांत ठेवावी. शेवटीं तिची गरज लागणार आहे.

पुढें जेझुइटांनीं छापखाना आणला. जपानहून यूरोपास गेलेले चार तरुण राजदूत परततांना गोव्यास थांबले होते. त्यांपैकीं हारा मार्तिनो याचें लॅटिन भाषण १५८८ सालीं गोव्यांतच छापलें गेलें. तो छापखाना १५९० त जपानांत पोंचला. नागासाकीहून १६०३ व १६०४ सालीं सुमारें बत्तीस हजार शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश निघाला, आणि लगोलग जुवांव रोद्रिगेश याचें प्रसिद्ध व्याकरणही निघालें. हा रोद्रिगेश पोरवयांतच जपानांत गेला होता. त्याला सर्वजण ‘त्सूजु’, म्हणजे दुभाष्या, म्हणत. व्याकरण त्यानें लिहिलें खरें, पण भाषा त्यानें व्याकरणावरून उचलली नव्हती.

आतां कोणी विचारील, जपानीलाच आवाजाची एवढी मातब्बरी कां? तर त्या भाषेंत स्वराच्या चढउतारानें शब्दाचा अर्थ फिरतो. तोकियोकडील बोलींत ‘हाशि’ या शब्दाचें पहिलें अक्षर उंच स्वरांत म्हटलें तर जेवणाच्या काड्या. दुसरें उंच म्हटलें तर पूल. ‘आमे’ शब्दाचें पहिलें अक्षर उंच असेल तर पाऊस. तें खालीं व दुसरें उंच असेल तर मिठाईची गोळी. क्योतो-ओसाकाकडे गेलें तर ‘हाशि’चा हा चढउतार जवळजवळ उलटा! वैदिक भाषेंत उदात्त-अनुदात्ताचें जें महत्त्व, त्याच जातीचें हें आहे. स्वर चुकल्यामुळें ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा अर्थ उलटून वृत्राचाच नाश झाला, ही कथा आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. त्यांतच कालमात्रांचा जाच आहे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि तोच ‘बा’ लांबविला कीं आजी. ‘किते’ म्हणजे येऊन, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचें तिकीट. लांबी आणि जोर तरी लिपींत दिसतात. स्वराचा चढउतार जपान्यांच्या नित्याच्या लिपींत कोठेंच दिसत नाहीं. तो कानांनींच घ्यावा लागतो. म्हणून कोश व व्याकरणें होऊनही शिकणारा अर्धवटच राहत असे.

ही अडचण यंत्रानें दूर केली. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ काढला. दुसऱ्याच वर्षीं तोकियो विश्वविद्यालयांत अध्यापक म्हणून आलेल्या यूइंग नांवाच्या स्कॉच शास्त्रज्ञानें कथिलाच्या वर्खावर ध्वनि उमटविण्याचें यंत्र तेथें चालवून दाखविलें. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळीं कावाकामी यांच्या नाटकमंडळीचे आवाज तबकड्यांवर घेतले गेले. ते पुढें १९९७ सालीं पुन्हां प्रकाशांत आले. याहून मोठें काम फ्रेड गायस्बर्ग यानें केलें. हाच गृहस्थ १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित करून गेला होता. त्याच प्रवासांत १९०३ सालीं तो तोकियोस पोंचला व तेथें त्यानें अडीचशेंहून अधिक तबकड्यांची सामग्री जमविली. त्या कामीं त्याला साह्य झालें तें काइराकुतेइ ब्लॅक या कथेकऱ्याचें. हा मूळचा हेन्री ब्लॅक. १८५८ सालीं ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडिलेड शहरीं जन्मलेला आणि लहानपणींच जपानांत आलेला. ‘राकुगो’ म्हणजे एकाच आसनावर बसून निरनिराळ्या पात्रांचीं संभाषणें केवळ आवाज पालटून रंगविण्याची कला. गोऱ्या कातडीच्या या माणसानें ती धंदा म्हणून पत्करली, आणि ऐन तोकियोंतील श्रोत्यांना हंसविलें. परक्याला ती भाषा अंगीं मुरवितां येते, याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या आवाजांत आजही शिल्लक आहे.

२२ मार्च १९२५ रोजीं तोकियोंतून नभोवाणीचें ध्वनिक्षेपण सुरूं झालें. गांवोगांवच्या बोली निरनिराळ्या. निवेदकानें कोणता स्वर धरावा, हा प्रश्न ओघानेंच आला. त्याचें उत्तर म्हणून तेथील नभोवाणी-संस्थेनें १९४३ सालीं स्वरोच्चारांचा कोश छापला; त्याची नवी आवृत्ति २०१६ सालीं निघाली आहे. ज्याला प्रमाण आवाज म्हणावा असा आवाज शिकणाऱ्यांना या मार्गानें लाभला.

मग महायुद्ध आलें, आणि शत्रूची भाषा एकाएकीं मोलाची झाली. इंग्लंडांत बेडफर्ड या गांवीं फेब्रुवारी १९४२ पासून कॅप्टन ऑस्वल्ड टक हे निवृत्त आरमारी अधिकारी तरुणांना सुमारें सहा महिन्यांत जपानी शिकवीत. विद्यार्थी बहुतेक ग्रीक-लॅटिनचे पंडित. गुप्त तारा वाचण्यापुरतें त्यांना शिकावयाचें होतें, आणि तें त्यांनीं चांगलें साधलें; परंतु बोलण्याचा अभ्यास त्यांत जवळजवळ नव्हता. अमेरिकेंत उलट दिशेनें प्रयत्न झाला. बर्नार्ड ब्लॉक व एलिनर जॉर्डन यांचें ‘स्पोकन जॅपनीज’ हें पुस्तक १९४५ सालीं निघालें. त्याच्यासोबत ध्वनिमुद्रिका होत्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर शिकणाऱ्यानें तें उच्चारावें म्हणून मुद्दाम निःशब्द जागा सोडलेली होती. ही संथाच झाली. मात्र गुरु काळ्या तबकडींत बसलेला.

त्या रिकाम्या जागा काढून टाकण्याची कल्पना भाषाशिक्षकांची नव्हे. १९५३ सालीं कॉलिन चेरी यांनीं दोन कानांत दोन निरनिराळीं भाषणें सोडून त्यांपैकीं एकाचा मागोमाग उच्चार करावयास लोकांना सांगितलें. अवधान कसें चालतें, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. त्याच सुमारास, न्यूरेंबर्गच्या १९४५ सालच्या खटल्यापासून, वक्ता बोलत असतांनाच भाषांतर करणाऱ्या दुभाष्यांचा धंदा वाढीस लागला होता. त्यांच्या शिक्षणांत ही रीत शिरली. हें नुसतें पोपटासारखें बोलणें आहे काय? १९७३ सालीं विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं माणसें केवळ पाव सेकंदाच्या अंतरानें मागोमाग बोलूं शकतात. आणि त्यांच्या ज्या चुका होतात त्या वाक्याच्या अर्थाला व व्याकरणाला धरूनच होतात. म्हणजे जीभ धांवत असतां बुद्धि झोपलेली नसते. जपानांत १९९० नंतर तामाइ केन प्रभृति अध्यापकांनीं इंग्रजीच्या वर्गांत या रीतीचा अभ्यास केला. मग परदेशीयांना जपानी शिकविणाऱ्यांनीं ती उचलली, आणि २००६ सालीं कुरोशिओ या प्रकाशनसंस्थेनें केवळ याच अभ्यासासाठीं नित्याच्या लहानलहान संभाषणांचें पुस्तक ध्वनिमुद्रणासह काढलें.

आज साधनांची टंचाई नाहीं. जपानी नभोवाणीच्या परदेशी शाखेनें आन्ना नांवाच्या थाई विद्यार्थिनीची गोष्ट गुंफून अठ्ठेचाळीस पाठांची माला अनेक भाषांतून विनामूल्य दिली. बातम्या, नाटकें, चित्रपट, सारें हातांतल्या यंत्रावर मिळतें. अडचण आहे ती निवडीची.

येथें घरची एक गोष्ट सांगतों. माझी पुतणी पुण्यांत जपानी शिकते. १९८४ पासून चालत आलेल्या जपानी प्रावीण्य परीक्षेच्या तीन पायऱ्या ती चढली. त्या परीक्षेंत वाचन आहे, श्रवण आहे. बोलण्याची परीक्षा नाहीं. नोकरीसाठीं मुलाखतीचा प्रसंग आला, तेव्हां तिला समजत सर्व होतें आणि मुखांतून शब्द निघत नव्हता. मग तिनें मागोमाग बोलण्याचा ध्यास घेतला. पण आवाज निवडला तो आवडत्या व्यंगपटांतील तरवारबहाद्दराचा! दोनतीन महिन्यांनीं तिच्या जपानी शिक्षिकाबाईंनीं तिला हळूच सांगितलें, “मुली, तुझा उच्चार सुधारला आहे, पण तूं मला ‘अरे ए’ करून बोलते आहेस.” त्या भाषेंत ‘मी’ म्हणावयाचें तरी पुरुषी रांगडा ‘ओरे’, मुलग्यांचा ‘बोकु’, शिष्टाचाराचा ‘वाताशि’ असे पाठभेद आहेत. झेवियरला जें आंजिरोनें शिकविलें, तेंच आमच्या मुलीला तरवारबहाद्दरानें शिकविलें.

ही हकीकत तिनें हंसत सांगितली. मला मात्र हंसूं आलें नाहीं. मीं आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकविलें तें वाचून, भाषांतर करून, नियम पाठ करवून. माझे विद्यार्थी पत्रांत चूक करीत नसत. पण साहेबापुढें उभे राहिले कीं मान खालीं घालीत. त्यांना ऐकण्यासारखा आवाज मीं कधीं दिलाच नाहीं. वर्गांत नभोवाणीचें यंत्र आणणें कांहीं अशक्य नव्हतें. मला तें सुचलें नाहीं, एवढेंच खरें.

म्हणून शिकणाऱ्यांना माझें सांगणें असें. एक ते दोन मिनिटांचा उतारा घ्यावा. त्याची लिखित प्रत जवळ असावी. अर्थ आधीं पुरता समजून घ्यावा. न समजतां मागोमाग बोलणें म्हणजे नुसता गलबला होतो. आवाज आपल्या वयाचा, आपल्या कामाचा असावा, आणि ज्या माणसांत आपणांस वावरावयाचें आहे त्यांच्या रीतीचा असावा. तो एकच नसावा, दोनतीन असावेत. आठवड्यांतून एकदां आपला स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारीं ठेवून ऐकावा. प्रथम लाज वाटते. पण चूक दुसऱ्या कोणी दाखविण्यापूर्वीं आपल्यालाच ऐकूं येते.

आणि सर्वांत शेवटीं, उत्तर देणारें एक माणूस शोधावें. तबकडी कधीं प्रश्न विचारीत नाहीं. माझ्या पुतणीनें आतां शिक्षिकाबाईंचेच पाठ त्यांच्या परवानगीनें मुद्रित करून घेतले आहेत. सकाळीं ती त्यांच्या मागोमाग बोलते, आणि सायंकाळीं त्यांच्यासमोर बसून स्वतःचें बोलते. पुढच्या महिन्यांत तिची दुसरी मुलाखत आहे.