प्रीमियर पद्मिनी की डीसी अवंती? भुसावळच्या उन्हातली तुलना

दीपनगरच्या वसाहतीत आमच्या क्वार्टरसमोर अण्णांची प्रीमियर पद्मिनी उभी असायची. ते निवृत्त झाल्यावर आम्ही भुसावळला आलो, गाडीही आली. आता त्यांची इच्छा आहे की नातीने याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकावं. मुलीच्या मोबाईलवर मात्र डीसी अवंतीचा फोटो! दोन्ही गाड्या आपल्या राज्यातल्याच: पद्मिनी कुर्ल्याची, अवंती पुण्याजवळची. अवंती मी चालवलेली नाही, त्यामुळे ही तुलना फक्त तंत्राची.

थोडक्यात फरक

- पद्मिनी: १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, सुमारे ४० हॉर्सपॉवर, इंजिन पुढे, ४ गिअर.
- अवंती (२०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत सादर): १९९८ सीसी, टर्बो पेट्रोल, सुमारे २५० हॉर्सपॉवर, इंजिन सीटच्या मागे, ६ गिअर.

दोन्हींत ताकद मागच्याच चाकांना जाते. अवंती जड आहे, तरी वजनाच्या हिशेबात तिची ताकद पद्मिनीच्या तिपटीहून जास्त भरते.

उन्हात काय होतं?

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात इंजिनची धग, मग पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही आणि गाडी बंद पडते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. अण्णा पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचे, की गाडी चालू!

फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत विजेचा पंप टाकीतच असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो आणि दाबाखाली पेट्रोल सहज उकळत नाही. म्हणून अवंतीसारख्या गाडीला ओल्या फडक्याची गरज नाही. पण तिथे बिघाड झाला तर आधी स्कॅनर लावावा लागतो. पद्मिनीचा कार्ब्युरेटर मात्र स्क्रूड्रायव्हर आणि पान्यावर उघडतो.

खरा मुद्दा ब्रेकचा

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. बंद ड्रममध्ये उष्णता साठते आणि वारंवार ब्रेक मारला की पकड ढिली पडते. अवंतीला चारही डिस्क. त्या उघड्या असल्याने लवकर थंड होतात. शिवाय पद्मिनीत ना एबीएस, ना एअरबॅग. दीपनगरवरून जाणाऱ्या हायवेवर आज ट्रक-ट्रेलरची गर्दी बघता हे विसरून चालत नाही.

मग आमचं काय ठरलं?

गाडी विकायची नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी करावी लागते, ती करून घेऊ. मुलगी क्लच, गिअर आणि ओल्या फडक्याची युक्ती मोकळ्या मैदानात अण्णांकडूनच शिकेल. हायवेवर मात्र आमची दुसरी गाडी, एअरबॅगवाली.

अण्णांना हे सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ठीक आहे, पण शेजारी मीच बसणार."