जुना ऑर्गन : वाजता करावा की तसाच जपावा?

१/ संगीत नाटकांच्या काळातील, भाता फाटून मुका झालेला ऑर्गन एखाद्या घरात सापडला की दोन मते पडतात. वाद्य वाजलेच पाहिजे, हे एक. हात लावला की इतिहास पुसला जातो, हे दुसरे. निर्णयाआधी एक प्रश्न विचारावा लागतो : या वाद्याची स्मृती नेमकी कोठे साठली आहे?

२/ हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये घेतले. तिचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकी ऑर्गनचा भाता ती आत ओढतो, म्हणून त्याचा स्वर मृदू. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी स्थापलेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन हा नाट्यगीतांचा आधारस्तंभ ठरला.

३/ हवा ओढण्याचेच तत्त्व स्वयंचलित पियानोत आहे. डेट्रॉइटच्या एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये ‘पियानोला’ घडवला. कागदी गुंडाळीतील छिद्रातून हवा शिरते, छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. येथे संगीताची स्मृती कागदात असते. त्यामुळे विटलेले रबरी कापड बदलले, तरी गुंडाळीतील वादन शाबूत राहते.

४/ ऑर्गनला अशी गुंडाळी नसते. त्याची स्मृती पितळी सुरांत असते. सुराचे टोक घासले की स्वर चढतो, मूळ घासले की उतरतो. मात्र घासून गेलेले पितळ परत येत नाही.

५/ म्हणजे गमावण्यासारखे काय आहे, हे एका उदाहरणातून कळते. सांगलीचे निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी व सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची खास हार्मोनियम पुरस्कारिली. अशा पेटीत स्वरांची जुळणी हाच त्यांचा सिद्धान्त होता. ती आजच्या रूढ स्वरांत ‘सुधारली’, तर उरेल केवळ सुबक लाकूडकाम.

६/ म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम प्रत्येक सुराची कंपनसंख्या मोजून नोंदवावी. धूळ आणि गंजानेही स्वर ढळतो. म्हणून सफाईनंतर पुन्हा मोजावे. मग भात्याचे कापड व कातडे बदलावे. काढलेले तुकडे नोंदीसह जपावेत. सूर तुटला असेल तर नवा बसवावा, जुना पाकिटात ठेवावा.

७/ ऑर्गन वाजता जरूर करावा. पायाने हवेचा दाब सांभाळत स्वर कसा तोलला जाई, हे मुके वाद्य सांगू शकत नाही. पण आजच्या गायकाच्या सोयीसाठी सूर घासू नयेत. त्यासाठी दुसरी पेटी मिळते. हे पितळ पुन्हा मिळत नाही.