मोटारगाडीच्या इंजिनाची शीतन प्रणाली

शीतन प्रणाली म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनात निर्माण होणारी अतिरिक्त उष्णता बाहेर टाकून इंजिनाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखणारी यंत्रणा होय. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांत पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण ही उष्णता वाहून नेते. या मिश्रणास शीतक किंवा व्यवहारात ‘कूलंट’ म्हणतात. प्रणाली बंदिस्त असून इंजिन गरम असताना तिच्यातील दाब वातावरणीय दाबापेक्षा जास्त असतो. या दाबामुळेच शीतक १००° से.च्या वरही उकळत नाही आणि याच दाबामुळे गरम इंजिनाचे रेडिएटर-झाकण उघडणे धोक्याचे ठरते. म्हणून देखभालीची बहुतेक कामे इंजिन पूर्णपणे थंड झाल्यावरच केली जातात.

## इतिहास

कार्ल बेंझ यांच्या १८८५ मधील तीनचाकी गाडीचे इंजिन पाण्याने थंड ठेवले जाई. मात्र पाणी उकळून वाफ निघून जात असल्यामुळे ते वारंवार भरावे लागे. दाइमलर कंपनीतील अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर विकसित केला. १९०१ च्या ‘मर्सिडीझ ३५ एचपी’ या गाडीत तो वापरण्यात आला आणि थोड्या पाण्यात अधिक उष्णता बाहेर टाकणे शक्य झाले. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत, अगदी सुरुवातीच्या गाड्या वगळता, पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावर तिचे अभिसरण चाले.

१९२७ मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ हे एथिलीन ग्लायकॉलवर आधारलेले गोठणरोधक द्रव्य बाजारात आले. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. आजच्या गाड्यांतील थर्मोस्टॅट बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. फोक्सवागन बीटलसारख्या काही गाड्यांत हवेने थंड होणारी इंजिने दीर्घकाळ वापरात होती.

## रचना व कार्य

सिलिंडरमधील ज्वलनवायूंचे तापमान क्षणभर २,०००° से.च्याही वर जाते. इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जा शीतकावाटे बाहेर टाकावी लागते. ती बाहेर न पडल्यास वंगणतेलाचा थर टिकत नाही, दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो आणि सिलिंडर-हेड वाकते. प्रणालीचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

* जलवेष्टन: सिलिंडर आणि सिलिंडर-हेड यांच्याभोवतीचे पोकळ मार्ग.
* पाण्याचा पंप: पट्ट्यावर, साखळीवर किंवा विजेवर चालणारा पंप. तो शीतकाचे अभिसरण चालू ठेवतो.
* थर्मोस्टॅट: इंजिन थंड असताना रेडिएटरकडील वाट बंद ठेवणारी झडप. ती सामान्यतः ८० ते ९५° से.च्या दरम्यान उघडू लागते.
* रेडिएटर: पातळ नळ्या आणि त्यांना जोडलेले धातूचे पत्रे यांचा जाळीदार संच. येथे शीतकाची उष्णता हवेत जाते.
* पंखा: गाडी थांबलेली किंवा संथ असताना रेडिएटरमधून हवा खेचतो.
* दाबझाकण: यात दोन झडपा असतात. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की एक झडप जादा शीतक टाकीत सोडते. इंजिन थंड होताना दुसरी झडप ते परत आत घेते.
* विस्तारटाकी: प्रसरण पावलेले शीतक सामावून घेणारी अर्धपारदर्शक टाकी. अनेक आधुनिक गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण नसते. अशा गाड्यांत ही टाकीच दाबाखाली असते.

### दाबाचे महत्त्व

समुद्रसपाटीवर पाणी १००° से.ला उकळते. प्रणालीतील दाब वातावरणापेक्षा १ बारने अधिक असल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२०° से. होतो. पाणी आणि ग्लायकॉल यांच्या समप्रमाण मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्याहूनही काही अंशांनी अधिक असतो. झाकणाची कमानी सैल झाली किंवा त्याचे रबर झिजले तर हा लाभ जातो आणि इतर सर्व भाग उत्तम असूनही इंजिन उकळू लागते. उंचीवर हवेचा दाब कमी असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९५ ते ९६° से.ला उकळते. झाकण बाहेरील हवेच्या तुलनेत ठरावीक जादा दाब राखत असल्यामुळे घाटमाथ्यावर शीतकाचा उत्कलनबिंदूही त्या प्रमाणात खाली येतो.

## शीतक

शुद्ध पाणी उष्णता उत्तम वाहून नेते, पण ते गंज आणते आणि ०° से.ला गोठते. एथिलीन ग्लायकॉलमुळे गोठणबिंदू खाली व उत्कलनबिंदू वर जातो. समप्रमाण मिश्रण सुमारे उणे ३७° से.पर्यंत गोठत नाही. मात्र ग्लायकॉलची विशिष्ट उष्णता पाण्याहून बरीच कमी असते. त्यामुळे पाणी न मिसळता केवळ ग्लायकॉल वापरल्यास इंजिन अधिक तापते, तसेच असे द्रव्य उणे १३° से.च्या आसपासच गोठते. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात गोठण्याची भीती नसली तरी गंजरोधक रसायने आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांसाठी येथेही शीतक आवश्यक असते.

गंजरोधकांवरून शीतकांचे तीन मुख्य प्रकार पडतात. सिलिकेट, फॉस्फेट यांसारख्या असेंद्रिय क्षारांवर आधारलेली शीतके सामान्यतः दोन ते तीन वर्षे टिकतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली शीतके पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकतात. तिसऱ्या, संकरित प्रकारात दोन्हींचा मेळ असतो. हिरवा, लाल, निळा किंवा गुलाबी रंग हा उत्पादकाने मिसळलेला असतो व त्याला सर्वमान्य अर्थ नाही. त्यामुळे रंग पाहून शीतक निवडणे चुकीचे ठरते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत नमूद केलेला प्रकार आणि डब्यावरील मानक (उदा. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६) हे खरे निकष होत. न जुळणारे प्रकार एकत्र केल्यास गंजरोधकांचा परिणाम घटतो आणि काही वेळा साका तयार होऊन रेडिएटरच्या नळ्या तुंबतात.

शीतकात मिसळण्यासाठी ऊर्ध्वपातित किंवा खनिजरहित पाणी वापरतात. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर जलवेष्टनात पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे शीतक पुरेसे असूनही धातू तापत राहतो.

## देखभाल

### नियमित तपासणी

इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी असताना टाकीतील पातळी किमान व कमाल रेषांच्या दरम्यान असावी. बंदिस्त प्रणालीत पातळी वारंवार खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. केवळ भर घालत राहणे हा उपाय नव्हे. रबरी नळ्या थंड असताना दाबून पाहतात. त्या फुगलेल्या, लिबलिबीत किंवा चिरलेल्या असल्यास बदलतात. पंपाच्या पट्ट्यावरील भेगा, पंपाच्या तळाशी असलेल्या छिद्रातून होणारी पाझर आणि जोडांवरील रंगीत वा पांढरट डाग याच वेळी पाहिले जातात. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती, किडे व कचरा कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुतात. जास्त दाबाच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

### शीतक बदलणे

जुने शीतक थंड इंजिनातून रेडिएटरच्या तळाच्या तोटीवाटे किंवा खालची नळी काढून पसरट भांड्यात काढतात. त्यानंतर स्वच्छ पाणी येईपर्यंत प्रणाली ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात. धुतल्यानंतर इंजिनाच्या मार्गांत बरेच पाणी शिल्लक राहते. अशा वेळी तयार मिश्रण भरल्यास ते अधिक पातळ होते. म्हणून प्रणालीची एकूण क्षमता ६ लिटर असेल, तर आधी ३ लिटर संहत शीतक व नंतर पातळी येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घालण्याची पद्धत वापरतात. शेवटी मिश्रणाचे प्रमाण अपवर्तनमापीने तपासता येते.

भरताना आत हवा अडकल्यास त्या जागी धातू तापतो. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो. इतर गाड्यांत हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून हवा बाहेर घालवतात. हे काम मोकळ्या जागी करतात, कारण बंद गॅरेजमध्ये एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो. इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पातळी तपासून उरलेली भर घालतात.

### थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत

उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅटची गरज नाही, अशा समजुतीने तो काढून टाकण्याची पद्धत भारतातील काही गॅरेजमध्ये आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानापर्यंत उशिरा पोहोचते. परिणामी इंधनाचा खप व झीज वाढते आणि तेलात ओलावा साचतो. मूळ दोष, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा नादुरुस्त पंखा, मात्र तसाच राहतो.

## धोके व सुरक्षितता

### झाकण उघडताना

११५° से. तापमानाचे पाणी दाबाखाली द्रवरूपात असते. झाकण उघडताच दाब उतरतो, उत्कलनबिंदू १००° से.वर येतो आणि पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ बनतो. अशा एक लिटर पाण्यातील जेमतेम २८ ग्रॅम पाण्याची वाफ होते, पण वाफेच्या प्रचंड आकारमानामुळे तिचे सुमारे ४५ लिटर होतात. हीच वाफ उरलेले उकळते पाणी कारंज्यासारखे चेहऱ्यावर व हातांवर फेकते. जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवणे हा गरम इंजिनावरचा सुरक्षित उपाय नव्हे. वरची रबरी नळी हाताला थंड आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे लागते. त्यानंतरही झाकण फडक्याने धरून, चेहरा दूर ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवतात आणि उरलेला दाब उतरल्यावरच काढतात.

### इतर धोके

विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद केल्यानंतरही अचानक सुरू होऊ शकतो. त्यामुळे बोटे, ओढणी, साडीचा पदर किंवा सैल बाह्या त्याच्यापासून दूर ठेवतात. विद्युत व संकरित गाड्यांत बॅटरी आणि विद्युत परिवर्तक थंड ठेवणारी स्वतंत्र शीतन मंडले असू शकतात. त्यांना ठरवून दिलेलेच शीतक लागते. नारिंगी आवरणाच्या उच्चदाब विद्युत तारांजवळील काम प्रशिक्षित तंत्रज्ञच करतात.

### विषबाधा

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. त्यामुळे सांडलेले शीतक लहान मुले, कुत्री व मांजरे यांच्याकडून चाटले जाण्याची भीती असते. शरीरात त्यापासून ग्लायकॉलिक व ऑक्सॅलिक आम्ले तयार होतात आणि कॅल्शियम ऑक्सॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करू शकतात. सुरुवातीची लक्षणे दारूच्या नशेसारखी असल्याने फसवी असतात. लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले इथेनॉल हे उतारे होत. शीतक कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत साठवत नाहीत. काही उत्पादक त्यात डेनाटोनियम बेंझोएट हे अतिशय कडू द्रव्य मिसळतात.

### भाजल्यास प्रथमोपचार

भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. अंगठी, बांगड्या व न चिकटलेले कपडे लगेच काढावेत. बर्फ, टूथपेस्ट, तूप किंवा हळद लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजल्यास वैद्यकीय मदत ताबडतोब घ्यावी.

## इंजिन अतितप्त झाल्यास

लांब चढ, कमी वेग आणि बाहेरील उष्मा एकत्र आले की प्रणालीवर सर्वाधिक भार पडतो. खंडाळा किंवा कसारा घाटात रखडलेल्या वाहतुकीत, तसेच विदर्भात पारा ४५° से.च्या पुढे गेल्यावर लहानसा दोषही उघड होतो. तापमानदर्शक काटा वाढू लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवल्याने थोडी उष्णता बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात गेल्यास किंवा वाफ दिसल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे लागते. वाफ येत असेपर्यंत बॉनेट उघडत नाहीत.

शीतक पूर्ण संपल्यास तापमानाचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा फसवेपणाने खाली येऊ शकतो. त्यामुळे वाफ किंवा गोडसर वास आल्यानंतर काटा उतरला, तरी गाडी पुढे नेणे टाळतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूचे असमान आकुंचन होऊन सिलिंडर-हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन थंड झाल्यावर, निकडीच्या वेळी साधे स्वच्छ पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. नंतर मात्र प्रणाली धुऊन योग्य शीतक भरावे लागते.

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| फक्त गर्दीत तापमान वाढणे | पंखा, त्याचा रिले किंवा संवेदक नादुरुस्त |
| वेगात व चढावर तापमान वाढणे | तुंबलेला रेडिएटर, निकामी पंप |
| सुरू केल्यावर लवकर तापमान वाढणे | बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, कमी शीतक |
| इंजिन गरम, पण हीटरमधून थंड हवा | कमी शीतक किंवा अडकलेली हवा |
| तेल दुधाळ, एक्झॉस्टमधून सतत पांढरा धूर | हेड गॅस्केट फुटणे |

## विल्हेवाट

वापरलेल्या शीतकात ग्लायकॉलबरोबर इंजिनातून आलेले धातूंचे अंश असू शकतात. ते गटारात, मातीत किंवा ओढ्यात ओतल्यास पाण्यातील प्राणवायू घटतो व जलचरांना धोका पोहोचतो. म्हणून ते घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवून संकलनाची सोय असलेल्या सेवाकेंद्राकडे देतात. सांडलेले शीतक वाळू किंवा लाकडाच्या भुश्याने टिपून घेतात व जागा धुण्यापूर्वी तो भुसा गोळा करतात.

## हेही पाहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* रेडिएटर
* एथिलीन ग्लायकॉल
* उत्कलनबिंदू
* वंगण